चूल, पाणी आणि गाडी : जिंतूरच्या डोंगरातला एक दिवस

आपला समाज प्रवास करीत नाही असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमी, हे प्रवास आपण पोटाला चिमटा घेऊन करतो. लग्नाला जातो, मयतीला जातो, कोर्टाच्या तारखेला जातो, मोठ्या दवाखान्यासाठी नांदेडला जातो, आणि कामासाठी पुण्या-मुंबईपासून उसाच्या फडापर्यंत कुठेही जातो. पण कार्यक्रम नाही, काम नाही, दुखणे नाही, केवळ आपल्याच जिल्ह्यातले डोंगर आणि माळरान डोळे भरून पाहण्यासाठी कुटुंबासह एक दिवस घराबाहेर काढला, असे आमच्या वस्तीत तरी फारसे घडलेले नव्हते.

म्हणून विहारातील रविवारच्या बैठकीत महिला बचत गटाने एक दिवसाच्या सहलीचा विषय मांडला, तेव्हा एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी सरळ विचारले, "तिथं भाषण कुणाचं हाय?" भाषण कोणाचेच नाही, डोंगर आहेत, धरण आहे, असे उत्तर मिळाल्यावर ते म्हणाले, "मग पाचशे रुपये डोंगराला वाहायचे काय? तेवढ्यात पोरांच्या वह्या होत्यात."

प्रश्न रास्त होता. आम्हीही कारकुनी करणारी माणसे, महिन्याच्या वीस तारखेनंतर खिसा चाचपून बाजारात जाणारी. म्हणून आम्ही त्यांना तिथल्या तिथे उत्तर दिले नाही. ते उत्तर त्या एका दिवसात वाटेवर जसजसे सापडत गेले, तसे येथे लिहीत आहोत.

आधी हिशेब, कारण वाचक भगिनी तोच प्रथम विचारतील. गटातील अकरा घरांनी दर शनिवारी वीस रुपये बाजूला टाकले. पंचवीस आठवड्यांत घरामागे पाचशे, एकूण साडेपाच हजार. सतरा आसनांची टेम्पो ट्रॅव्हलर डिझेल आणि चालकासह साडेचार हजारांत ठरली. उरलेल्या हजारात चहा, भाजीपाला आणि तांदूळ-डाळ. अकरा घरे आणि सतरा जागा, म्हणजे घरामागे दीड माणूस, असा विनोद झाला. पण कोणाची आजी घरी राहिली, कोणाचा कर्ता मुलगा ड्युटीवर गेला, आणि बरोबर सतरा माणसे बसली. जास्त माणसे कोंबायची नाहीत, हे बायकांनीच बजावले होते.

शिकणारी मुले मोबाईलवर अमेरिकेतल्या गाड्या दाखवतात. तिकडे त्यांना आर. व्ही. म्हणतात. एस. टी.एवढी लांब गाडी, आत पलंग, ओटा, शेगडी, पाण्याची टाकी, आणि मुख्य म्हणजे संडास. म्हातारा-म्हातारी अशी गाडी घेतात आणि मोंटाना, वायोमिंग अशा डोंगराळ, गुराढोरांच्या मुलखातून आठवडेच्या आठवडे हिंडतात. जिथे देखावा आवडला तिथे मुक्काम. आपल्या महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली अशा गाड्यांच्या पर्यटनासाठी कॅराव्हॅन धोरण मंजूर केले. तो मामला आपल्या खिशाच्या पलीकडचा. पण कल्पना मात्र आपल्याला परकी नाही. चूल, पाणी आणि आडोसा बरोबर असला म्हणजे माणूस वाटेत कोणाचा मिंधा राहत नाही, एवढेच तिचे मर्म आहे. आमच्या गाडीत दोन टोपली भाकरी होती, ठेचा होता, वीस-वीस लिटरचे पाण्याचे चार जार होते, एक मोठे पातेले होते, आणि चार बांबू व दोन जुनी लुगडी शिवून केलेला एक आडोसा होता. या आडोशाविषयी पुढे सांगू.

पाण्याच्या जारावरून एका ताईंनी विचारले, की वाटेत पाणी मिळणार नाही काय? मिळते, आज मिळते. पण हे जार गाडीत चढवताना आम्हाला १९०१ सालची एक बैलगाडी आठवली. वडील कोरेगावी नोकरीला होते म्हणून बालवयातील भीमराव, त्यांचे मोठे बंधू आणि दोन भाचे मसूर स्टेशनवर उतरले. ही पोरे महारांची आहेत असे कळताच गाडीवाला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन आणि मुलांनीच गाडी हाकायची या अटीवर तो निघाला, स्वतः मात्र बाजूने पायी चालला. गाडीत घरून दिलेला डबा भरलेला होता. पाणी मात्र कोणी दिले नाही. आणि पाणी नाही म्हणून भरल्या डब्याशेजारी ती चारही लेकरे रात्री उपाशी झोपली. ही हकीकत परमपूज्य बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्याशा लिखाणात नोंदवलेली आहे. आमच्या गाडीतील आठवीच्या मुलीला ती पाठ्यपुस्तकातल्या धड्यासारखी ठाऊक होती. पण पाण्याचा जार मांडीजवळ ठेवून ऐकताना ती गप्प झाली.

काळी माती संपते तिथे

डिसेंबरातला रविवार. सकाळी सहाला गाडी निघाली. थंडी चांगलीच होती, खिडक्या बंद, आणि मागच्या बाकावर लगेच गाणी सुरू झाली. परभणीहून जिंतूर चाळीस-बेचाळीस किलोमीटर. दुधना ओलांडली, झरी गेले, बोरी आले. इथवर आपला ओळखीचा सपाट मुलूख : दोन्ही बाजूंना काळी जमीन, वेचणीला आलेला कापूस, फुलावर आलेली तूर, कमरेएवढी हिरवी ज्वारी. "जगात जर्मनी, भारतात परभणी" असे आपण थट्टेने म्हणतो, पण सकाळच्या उन्हात हा हिरवा-पिवळा पट्टा पाहिला की थट्टा करावीशी वाटत नाही.

बोरी सोडल्यावर जमीन हळूहळू अंग टाकायला लागते. रस्ता चढतो, वळतो. काळी माती मागे पडते आणि मुरमाचा तांबूस रंग दिसू लागतो. पिकांच्या जागी तरवड, बोरी, पळस, सीताफळाची झुडपे. जिल्ह्याच्या दक्षिणेला गंगाखेडकडे बालाघाटाचे डोंगर आहेत तसे उत्तरेला हे जिंतूरचे, अजिंठ्याच्या रांगेतले. माथे पाहिले तर विळ्याने कापल्यासारखे सपाट. आमच्यातील एका विज्ञानाच्या शिक्षकांनी याचे कारण समजावले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून तापलेला रस थरावर थर असा वाहिला आणि थिजला. आपला काळा पाषाण तो हाच. त्याच पाषाणात पुढे अजिंठा-वेरूळची लेणी कोरली गेली. हाच दगड झिजून त्याची माती झाली, ती पावसाने डोंगरावरून वाहून नेली आणि गोदावरी-पूर्णेच्या खोऱ्यात आणून टाकली. म्हणून खाली हातभर काळी माती आणि वर मुरूम. "म्हणजे डोंगराची माती खालच्या गावाने खाल्ली," असे एक मावशी म्हणाल्या. गावात कोणाच्या वाट्याला कोणती जमीन आली हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वाक्य भूगोलापुरते वाटणार नाही.

जिंतूरच्या अलीकडे एका फाट्यावर चहाला थांबलो. बाकावर बसलेल्या एका वयस्क गृहस्थांनी चौकशी आरंभली. कुठले पाहुणे? परभणीचे. परभणीत कुठे? मग आडनाव काय? वाचकांना हा क्रम पाठ आहे. गाव, गल्ली, आडनाव. आणि आडनावावरून उलगडा होत नसेल तर आणखी एक प्रश्न फिरवून. आम्ही मोठी माणसे अशा वेळी उत्तर जरा चघळतो. पण त्या आठवीच्या मुलीने सरळ सांगितले, "आम्ही बौद्ध आहोत, काका. आणि तुम्ही?" गृहस्थ थबकले, मग हसले, आणि त्यांनीही आपली जात सांगितली. चहा आला तो सगळ्यांना एकाच प्रकारच्या काचेच्या ग्लासात आला. हे मुद्दाम लिहीत आहोत, कारण आमच्या सोबतच्या सत्तरीच्या मावशींनी तरुणपणी याच रस्त्यावर वळचणीला ठेवलेली वेगळी कपबशी स्वतःच्या हाताने धुऊन परत ठेवलेली आहे. आज सगळीकडे एकच ग्लास असतो असा आमचा दावा नाही. त्या फाट्यावर तो होता. मावशींनी दोन वेळा चहा घेतला.

जिंतूरपासून तीनेक किलोमीटरवर नेमगिरीचा डोंगर आहे. पोटात कोरलेली जुनी जैन लेणी, बुटके दरवाजे, वाकून आत जावे तर समोर शांत बसलेली भव्य मूर्ती. आम्ही फार वेळ थांबलो नाही. पण डोंगरावरून जे दिसते त्यासाठी तरी वर जावे : चहूकडे सपाट माथ्यांच्या टेकड्या, मध्ये ओढ्यांच्या हिरव्या रेषा, आणि उताराउतारावर चरणारी जनावरे.

गायरान

नेमगिरीहून येलदरीकडे जाणारा रस्ता हा त्या दिवसाचा सर्वात देखणा भाग. एका बाजूला डोंगर, दुसरीकडे माळ. माळावर शेळ्या, मेंढ्या, कुठे लाल कंधारी गायी, कुठे आपल्या मराठवाडी म्हशी. एका वळणावर धनगराचा वाडा उतरलेला होता. घोडी, तिच्या पाठीवर बाज, बाजेवर चिरगुटे, भांडी आणि सर्वांत वर एक कोंबडी. खाली कुत्री आणि जाळीत मेंढ्यांची कोकरे. अमेरिकेच्या गाडीत जे जे असते ते सारे त्या एका घोडीवर होते, संडास तेवढा सोडून. आमच्या बायका उतरल्या, बोलणे झाले. तुम्ही कुठे निघालात म्हणून धनगर बाईंनी विचारले. डोंगर बघायला, असे सांगितल्यावर त्या तोंडाला पदर लावून हसल्या. "डोंगरात काय बघावं माय? आम्ही उगवल्यापसून मावळस्तोर त्याच्यातच हाव."

त्यांचे खरेच आहे. ज्याला तिथे राबायचे असते त्याला तो देखावा नसतो. त्याच उतारावर मध्येच नांगरटीचे चार-दोन तुकडे दिसत होते. दगड वेचून बांधाला रचलेले, आत तूर आणि ज्वारी. आमच्यातील एका काकांनी गाडी थांबवायला सांगितली आणि नुसते बघत उभे राहिले. त्यांच्या वडिलांनी असाच दोन एकरांचा तुकडा त्यांच्या गावी फोडला होता.

गायरान म्हणजे गावच्या जनावरांसाठी राखलेले चराऊ रान. वतनदाराची काळी कसदार, कुळाची मध्यम, आणि आपल्याला यातले काहीच नाही. मग जिथे कुसळाशिवाय काही उगवत नाही तो माळ आपल्या माणसांनी पहारीने फोडला. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली मराठवाडा-खानदेशात आणि डिसेंबर १९६४ पासून देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. बायका कडेवर पोरे घेऊन तुरुंगात गेल्या, तुरुंग भरून गेले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करायची ठरली. काहींचा सातबारा झाला, पुष्कळांचा झाला नाही. आणि २०२२ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानावरील अतिक्रमणे काढण्याच्या नोटिसा राज्यभर निघाल्या, तेव्हा तीन पिढ्या कसणाऱ्या घरांची झोप उडाली.

यात एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. माळ फुटला की मेंढपाळाची चराई आटते. त्या धनगर बाईंनीही तेच सांगितले, रागाने नव्हे, पण सांगितले. आमचे मत असे, की गावचा सगळा कसदार तुकडा ज्यांच्याकडे आहे ते बाजूला राहतात आणि उरलेल्या मुरमावर भूमिहीन आणि मेंढपाळ या दोघांना एकमेकांसमोर उभे केले जाते. काकांनी खाली वाकून मातीचे ढेकूळ फोडून पाहिले. "आमच्यापेक्षा बरी हाय," एवढेच म्हणाले आणि गाडीत येऊन बसले.

येलदरीचे पाणी

अकराच्या सुमारास धरण दिसले आणि गाडीत एकदम गलका झाला. मुलांनी एवढे पाणी कधी पाहिलेले नव्हते. पूर्णा नदी अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते आणि आपल्याच जिल्ह्यात पूर्णा तालुक्यात गोदावरीला मिळते. तिला डोंगरांच्या मध्ये अडवून हे धरण १९६८ साली पूर्ण झाले. साठा सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर. पायथ्याशी साडेसात मेगावॅटची तीन जनित्रे, म्हणजे साडेबावीस मेगावॅट वीज. वीज करून सुटलेले पाणी खाली सिद्धेश्वर धरणात पुन्हा अडवतात आणि तेथून कालव्यांनी शेतात नेतात. म्हणजे तेच पाणी दोनदा कामाला येते. पलीकडचा काठ पूर्वी परभणी जिल्ह्यातच होता, १ मे १९९९ पासून तो हिंगोलीत गेला. पाण्याला अर्थात त्याची खबर नाही.

धरणे आणि वीज या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधायच्या, हा विचार या देशात रुजवणाऱ्यांत बाबासाहेब होते, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याबरोबर पाटबंधारे आणि वीजही त्यांच्याकडे होती. दामोदर खोऱ्याची योजना त्याच काळातली. अर्थात धरण म्हटले की बुडालेली गावेही आली. पाण्याकडे पाहताना तेही मुलांना सांगितले.

धरणापासून दूर, मोकळ्या काठावर मुक्काम टाकला. तीन दगडांची चूल मांडली. गॅसची टाकी माणसांच्या गाडीत भरून न्यायची नाही हे आधीच ठरले होते, कारण ते धोक्याचे. आणि बायकांचा एक ठराव होता : आज स्वयंपाक पुरुष करतील. घरची चूल उचलून काठावर मांडायची आणि बायकांनी पुन्हा तिच्यापुढेच बसायचे, तर त्यांची सहल कसली? पुरुषांनी खिचडी केली. तळाला जरा लागली. भाकरी, ठेचा, कांदा आणि करपल्या वासाची खिचडी, पण पातेले घासून संपले. बायका पाण्याकडे तोंड करून सावलीत बसल्या होत्या. एकीने आम्हाला नंतर सांगितले, की लग्नानंतर एकोणीस वर्षांत कोणी तिला ताट वाढून देण्याची ही पहिली वेळ. पाचशे रुपयांचा हिशेब मागणाऱ्यांनी यातला एखादा रुपया इकडे लावावा.

आता तो आडोसा. चार बांबू रोवून त्याला लुगडे गुंडाळले की बायकांची सोय होते. दिसायला किरकोळ गोष्ट. पण आपल्या बायका प्रवासात सकाळपासून पाणी पीत नाहीत, का पीत नाहीत ते त्या सांगत नाहीत, आणि संध्याकाळी डोके धरून बसतात. वाटेत एका ठिकाणचे शौचालय कुलूपबंद होते, दुसऱ्या ठिकाणी आत पाय ठेवण्यासारखे नव्हते. त्या दिवशी कोणीही पाण्यावाचून राहिले नाही, ते या दोन लुगड्यांमुळे. श्रीमंतांच्या मोटारघरात लाखो रुपये मोजून मिळते ती मुख्य सोय हीच.

जेवणाआधी सगळ्यांनी काठाशी बसून हातपाय-तोंड धुतले. धुळीने भरलेली सतरा माणसे, ओंजळीने पाणी घेत होती. कोणी अडवले नाही, कोणी पाहिलेही नाही. तेव्हा आम्ही सर्वांना जवळ बोलावून १९३४ सालची सहल सांगितली.

होय, सहलच. चळवळीतील सहकाऱ्यांनी हौसेने बाबासाहेबांना म्हटले, की आपण एकदा स्थळे पाहायला जाऊ, आणि वेरूळची बौद्ध लेणी तर पाहूच. बाबासाहेब तयार झाले. तीसएक माणसे नाशिकहून येवल्यामार्गे मोटारींनी निघाली. कार्यक्रम मुद्दाम जाहीर केलेला नव्हता, कारण आडगावी अस्पृश्य प्रवाशांना काय सोसावे लागते ते त्यांना ठाऊक होते. निजामाच्या राज्यात दौलताबादला पोचले तेव्हा आपले स्थानिक बांधव चहा-फराळ घेऊन थांबले होते. पण उजेड आहे तोवर किल्ला पाहू, चहा मग घेऊ, असे म्हणून मंडळी पुढे गेली. किल्ल्याच्या दाराशी पाण्याने भरलेला लहानसा हौद. प्रवासाच्या धुळीने अंग माखलेले. काहींनी फरसावर बसून तोंड-पाय धुतले. रमजानचा महिना होता. इतक्यात एक म्हातारे मुसलमान गृहस्थ ओरडत आले, की यांनी हौद बाटवला. बघता बघता जमाव जमला, शिव्या सुरू झाल्या, स्थानिक बांधवांनाही बोलणी बसली. बाबासाहेबांनी संतापून विचारले, तुमचा धर्म हे शिकवतो काय? उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही पाणी बंद कराल काय? जमाव निरुत्तर झाला. शेवटी किल्ला पाहायची परवानगी मिळाली, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. आणि ती पाळली जाते की नाही हे बघायला एक हत्यारबंद शिपाई बरोबर दिला. हिंदूच्या लेखी जो अस्पृश्य तो इतरांच्या लेखीही अस्पृश्यच ठरतो, असा निष्कर्ष बाबासाहेबांनी त्यावरून लिहून ठेवला.

विलायतेतून बॅरिस्टर होऊन आलेला, गोलमेज परिषद गाजवलेला माणूस सहलीला जातो आणि त्याच्यामागे बंदूक घेऊन शिपाई फिरतो, पाणी शिवेल म्हणून. हे ऐकून झाल्यावर आमच्यातील एक मुलगा पुन्हा उठून काठाशी गेला आणि त्याने उगीचच आणखी एकदा तोंड धुतले.

परतीची वाट

दुपारनंतर जिंतूरला परत येऊन मंठा-जालना रस्त्याने चारठाण्याला गेलो. जुन्या मंदिरांचे हे गाव. तीनशे साठ मंदिरे होती असे लोक सांगतात. आज मोजकी उभी आहेत, पण कोरीव काम बघावे आणि उंच दगडी स्तंभ तर बघावाच. बारवेच्या पायऱ्यांवर आम्ही थोडा वेळ बसलो. मुलांनी पायऱ्या मोजल्या, प्रत्येकाचा आकडा वेगळा आला.

देवगाव फाट्यावरून सेलूकडे वळलो तेव्हा सूर्य मावळत होता. माळावर दिवसभर चरलेली गुरे धूळ उडवत गावाकडे निघालेली. त्यापुढे अंधारात एक ट्रॅक्टर लागला, मागे दोन ट्रॉल्या. पहिल्या ट्रॉलीत बांबू, ताडपत्र्या, चुलीचा पत्रा, हंडे, दोन शेळ्या, आणि त्या सगळ्यावर गोधड्यांत गुंडाळलेली माणसे. ऊसतोडीला निघालेले कोयते. मुकादमाची उचल घेतली की नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. माणसाचे नावही हत्याराचे. आमची गाडी बराच वेळ त्या ट्रॉलीमागे होती. दिव्याच्या उजेडात एक लहान मूल आमच्याकडे बघत होते. आमची मुले हात हलवत होती, ते हलवत नव्हते.

सत्तरीच्या मावशी तेव्हा बोलल्या. "आमचं बी घर असंच भरून जायचं. पाच-पाच महिने. वाट कशी व्हती म्हणून इचारशील तर ध्यानात नाही. गाडीत बसलं की डोळा लागायचा, अन् उठलं की फड." कोपीत राहायचे, पहाटे तीनला उठून मोळ्या बांधायच्या. कितीतरी जिल्हे त्या फिरल्या. पण त्या वाटांवरचा एकही डोंगर त्यांना आठवत नाही.

अमेरिकेच्या त्या गाड्यांतही सगळेच हौशी नसतात. २०१७ साली जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंचे 'नोमॅडलँड' हे पुस्तक निघाले, त्यावरच्या चित्रपटाला २०२१ साली ऑस्कर मिळाले. घर गेलेली, पेन्शन न पुरणारी साठी-सत्तरीची माणसे गाडीतच राहतात आणि हंगामी कामे करीत हिंडतात. त्यातले एक काम साखरेच्या बीटाच्या सुगीचे. तिकडे बीट, इकडे ऊस. साखर तीच. चाकावरचे घर एकाच प्रकारचे असते असे नाही. कोण ते आपल्या मर्जीने थांबवू शकतो, यावर सगळे अवलंबून आहे. त्या दिवशी आमची गाडी आम्ही म्हणू तिथे थांबत होती. आमच्या वडीलधाऱ्या गृहस्थांना आम्ही पुढे हेच सांगितले. वह्या घ्यायच्याच आहेत, त्यासाठीही शनिवारचे वीस रुपये आहेत. पण ज्या रस्त्याने तीन पिढ्या केवळ राबायला गेल्या, त्या रस्त्याने एकदा खिडकी उघडून जाणे हा खर्च उधळपट्टीत धरता येणार नाही. त्यांनी मान डोलावली की नुसतेच ऐकून घेतले, ते कळले नाही.

रात्री साडेनऊला परभणी. डिझेल, चहा, सगळे धरून एकशे चाळीस रुपये उरले, ते गटाच्या वहीत जमा आहेत.

ज्या वस्त्यांना असे जायचे आहे त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. गाडीचे भाडे जमत नसेल तर जिंतूरपर्यंत एस. टी. आहेच; १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट आहे, आणि पंचाहत्तरी पार केलेल्यांना २०२२ पासून मोफत प्रवास. पावसाळा संपल्यापासून डिसेंबरपर्यंत डोंगर हिरवे असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर पळस फुललेला सापडेल. धरणाच्या खालच्या बाजूला नदीपात्रात मुळीच उतरू नये, विजेसाठी पाणी केव्हाही सुटते. चूल विझवताना वर पाणी ओतावे, माळावरचे वाळलेले गवत ठिणगीला पुरते. आणि आडोशाची लुगडी गडद रंगाची घ्यावीत.

गटाचा शनिवारचा वीस रुपयांचा डबा पुन्हा सुरू झाला आहे. पुढचे ठिकाण बायकांनी ठरवले : वेरूळ आणि दौलताबाद. वेरूळ मंगळवारी बंद असते, अजिंठा सोमवारी, म्हणून दिवस बघून निघावे लागेल. अंतर लांब आहे, पहाटे चारला गाडी सोडावी लागेल, आणि या वेळी दोन आडोसे लागतील, कारण तेवीस नावे आली आहेत.